थेम्सची वही एकच: गोडे पाणी, खारे पाणी आणि गाळ



गेली काही वर्षे थेम्स नदी आपल्याला बातम्यांमध्ये तीन वेगवेगळ्या पानांवर भेटते. एका पानावर टेडिंग्टनचा वाद असतो: दुष्काळात लंडनला पाणी कमी पडू नये म्हणून तिथून जादा पाणी उचलायची थेम्स वॉटर कंपनीची योजना आहे आणि त्याला स्थानिकांचा जोरदार विरोध आहे. दुसऱ्या पानावर वुलिचजवळचे थेम्स बॅरियर आणि वाढणारा समुद्र. तिसरे पान घरांच्या जाहिरातींचे. रॉयल डॉक्स, वुलिच, बार्किंग रिव्हरसाइड अशा ठिकाणी नदीकाठी उभे राहणारे नवेकोरे फ्लॅट आणि बाल्कनीतून दिसणारे पाणी! आपल्या मंडळातल्या बऱ्याच तरुण जोडप्यांची पहिली घरे याच भागात झाली आहेत.

ही तीन पाने वेगवेगळी माणसे लिहितात आणि निर्णयही वेगवेगळ्या कचेऱ्यांत होतात. नदीच्या मुखाकडे मात्र एकच वही आहे. वरून किती गोडे पाणी आले, खालून किती खारे पाणी चढले आणि दोघांनी मिळून किती गाळ कुठे टाकला, हे सगळे त्या एकाच वहीत मांडले जाते. एका खात्यातून काही काढले की दुसऱ्या खात्यात त्याची नोंद होतेच. आमच्यासारख्या आयटीत काम करणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. सिस्टिम एक, टीम तीन आणि प्रत्येक टीम आपापले काम संपल्याचे सांगून मोकळी!

हा विषय आज का काढला? कारण सोपे आहे. लंडनमधल्या पूरसंरक्षक भिंती उंच करण्यासाठी सरकारी यंत्रणेने ठरवलेली मुदत आहे २०५०. आज कुणी पंचवीस वर्षांचे मॉर्गेज घेतले तर ते साधारण तेव्हाच फिटते. म्हणजे हा प्रश्न आपल्या नातवंडांपुरता उरलेला नाही, तो आपल्याच हप्त्यांच्या मुदतीत येतो.

खाडी म्हणजे नेमके काय होते?

कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको, पण पुण्या-नागपूरकडच्यांसाठी थोडी उजळणी. नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते आणि दोनदा बाहेर जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची. थेम्समध्ये भरती टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत जाणवते. तिथून समुद्रापर्यंतचा ९५ मैलांचा पट्टा म्हणजे आपल्या भाषेत थेम्सची खाडीच. फनेलसारखा आकार असल्यामुळे आत येणारे पाणी अरुंद जागेत कोंडले जाते, त्यामुळे लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीतला फरक समुद्राकाठच्या साउथएंडपेक्षाही जास्त असतो. उधाणाच्या दिवशी तो साडेसहा मीटरच्या घरात जातो. म्हणजे जवळजवळ दोन मजले!

भरती टेडिंग्टनपर्यंत जाते म्हणून मीठही तिथपर्यंत जाते असे नाही. ढोबळमानाने बॅटरसीच्या वर पाणी गोडे, बॅटरसी ते ग्रेव्हझेंड मचूळ आणि त्याच्या खाली खारे असे तीन भाग मानतात. पण या सीमा काही दगडात कोरलेल्या नाहीत. नदीला पाणी भरपूर असले की मीठ खाली ढकलले जाते, उन्हाळ्यात नदी रोडावली की ते वर सरकते. मीठ रोखून धरणारी कुठलीही भिंत तिथे नाही. वरून येणारे गोडे पाणी हीच ती भिंत.

आता गाळ. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होते हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. गोड्या पाण्यातली माती खाऱ्या पाण्याला भेटते तेव्हाही असेच घडते. म्हणून खाडीच्या मधल्या भागात गढूळपणा सर्वांत जास्त असतो. शिवाय बऱ्याच खाड्यांत भरतीचा ओघ ओहोटीपेक्षा कमी वेळ पण जास्त वेगाने वाहतो, त्यामुळे गाळ बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जातो. नदीला पूर आला की तो पुन्हा खाली लोटला जातो. मिठाचे आणि गाळाचे असे दोघांचेही नशीब वरून येणाऱ्या पाण्यावर ठरते, हे लक्षात ठेवूया.

जुनी नोंद: एक पूल पाडला तेव्हा

एका खात्यातला बदल दुसऱ्या खात्यात कसा उमटतो याचे झकास उदाहरण लंडनमध्येच आहे. मध्ययुगातल्या लंडन ब्रिजला १९ कमानी होत्या आणि त्यांचे पाये इतके जाडजूड होते की तो पूल अर्धवट धरणाचेच काम करी. भरती वर जायला अडथळा, ओहोटीत पाणी खाली यायलाही अडथळा. १८३१ मध्ये नवा पूल खुला झाला आणि जुना पाडला गेला. वाहतुकीची सोय झाली, नावाड्यांचा जीव भांड्यात पडला. पण अडथळा गेल्यामुळे भरती अधिक जोराने वर जाऊ लागली आणि ओहोटीत पाणी पूर्वीपेक्षा खूप खाली उतरू लागले. पुढे १८६० आणि १८७० च्या दशकांत जोसेफ बॅझलजेट यांनी नदीकाठी भरणी करून एम्बँकमेंटचे रस्ते बांधले. त्यांच्या पोटात लंडनची गटारे गेली, पण नदीही अरुंद झाली.

या सगळ्याचा भुर्दंड कुणाला? वर राहणाऱ्या रिचमंड-ट्विकनहॅमकरांना. ओहोटीला तिथली नदी म्हणजे चिखलाचे मैदान आणि मधून वाहणारा ओहोळ, अशी अवस्था झाली. लोकांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि शेवटी १८९४ मध्ये रिचमंडला उचलता येणाऱ्या दरवाज्यांचा बंधारा बांधावा लागला. तो आजही काम करतो. दरवर्षी साधारण नोव्हेंबरमध्ये देखभालीसाठी त्याचे दरवाजे काही आठवडे उघडे ठेवतात. त्या दिवसांत ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन रिचमंडला जरूर जा. पूल पाडला मैलोन्मैल खाली, चिखल दिसला वर आणि त्यावर उपाय करायला साठ वर्षे लागली!

कोरड्या वर्षाचा हिशेब

हीथ्रोला विमान उतरताना खिडकीतून जे मोठमोठे तलाव दिसतात ते लंडनच्या पिण्याच्या पाण्याचे. टेडिंग्टनच्या वरच्या भागात थेम्सचे पाणी उचलून ते भरले जातात. मात्र कितीही गरज असली तरी टेडिंग्टनच्या बंधाऱ्यावरून खाली ठरावीक पाणी सोडावेच लागते. नेहमीचे उद्दिष्ट दिवसाला ८० कोटी लिटर. दुष्काळ वाढत गेला की टप्प्याटप्प्याने ते ३० कोटी लिटरपर्यंत खाली आणता येते. शेवटच्या टप्प्यात नळाला पाणी राहते, पण खाडीच्या वाट्याला येणारे पाणी निम्म्याहून कमी होते. मीठ वर सरकते, पाणी तापते, घाण लवकर बाहेर पडत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात थेम्सचा उगमाकडचा भाग आटून प्रवाह सुमारे पाच मैल खाली सुरू होत होता, हे आठवत असेल. त्या ऑगस्टमध्ये होसपाइपवर बंदी आली होती.

त्या वेळी आणखी एक गोष्ट उघड झाली. पूर्व लंडनमध्ये बेक्टन येथे खाडीचे मचूळ पाणी गोडे करणारा प्रकल्प आहे. २०१० मध्ये सुरू झालेला, २५ कोटी पौंडांहून अधिक खर्चाचा. ओहोटीच्या शेवटी पाण्यात मीठ सर्वांत कमी असते, तेव्हाच तो पाणी उचलतो. कल्पना उत्तम, पण २०२२ च्या दुष्काळात तो बंदच होता. ज्या दिवसासाठी छत्री घेतली त्या दिवशी छत्री दुरुस्तीला!

आता टेडिंग्टनची योजना पाहू. दुष्काळात बंधाऱ्याच्या जरा वरून दिवसाला जास्तीत जास्त साडेसात कोटी लिटर पाणी उचलायचे. ते जुन्या भूमिगत बोगद्यातून ईशान्य लंडनमधल्या ली खोऱ्याच्या तलावांकडे पाठवायचे. आणि जेवढे उचलले तेवढेच, मॉगडेनच्या सांडपाणी केंद्रात अधिक शुद्ध केलेले पाणी त्याच ठिकाणी नदीत सोडायचे. विरोधकांचा भर नदीतल्या पाण्याच्या गुणवत्तेवर आणि तापमानावर आहे. कंपनी म्हणते, बंधाऱ्यावरून जाणारे पाणी जेवढ्यास तेवढेच राहील.

हे विधान बंधाऱ्यापुरते बरोबर आहे. पण आपण वही पुढच्या पानापर्यंत तपासूया. मॉगडेनचे शुद्ध केलेले पाणी आजही वाया जात नाही, ते थोडे खाली आयलवर्थपाशी भरतीच्या थेम्समध्येच सोडले जाते. त्यातले साडेसात कोटी लिटर वर वळवले तर आयलवर्थला तेवढे कमी पडणार. लंडनकरांनी वापरलेले पाणी शेवटी परत नदीला मिळेल हे खरे, पण ली खोऱ्यातून नळांना गेलेल्या पाण्याचा मोठा भाग बेक्टनच्या सांडपाणी केंद्रातून परत येतो, म्हणजे सगळे मध्य लंडन ओलांडून खूप खाली. थोडक्यात, आयलवर्थ ते बेक्टन या पट्ट्यात, ऐन दुष्काळात, दिवसाला साडेसात कोटी लिटरपर्यंत गोडे पाणी कमी. त्या दिवशी बंधाऱ्यावरून ३० कोटी लिटरच येत असेल तर ही तूट त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी आहे. मॉगडेनचे उरलेले पाणी आणि इतर केंद्रांचे पाणी धरले तर प्रमाण याहून कमी होते, हेही मान्य. पण मीठ रोखणारी भिंत ज्या दिवशी सर्वांत पातळ असते नेमक्या त्या दिवशी तिच्यातल्या विटा काढायच्या आहेत, हे नाकारता येत नाही.

याचा अर्थ योजना वाईटच आहे असा आम्ही काढत नाही. लंडनची लोकसंख्या वाढते आहे, गळक्या पाइपांतून जाणारे पाणी आधी वाचवायला हवे, आणि ऑक्सफर्डशरमध्ये अ‍ॅबिंग्डनजवळचा १५० अब्ज लिटरचा नियोजित तलाव व्हायला अजून बरीच वर्षे आहेत. त्या तलावाचा एक गुण मात्र नोंदवायला हवा. तो ओल्या हिवाळ्यात भरायचा आणि कोरड्या उन्हाळ्यात नदीत सोडायचा आहे. म्हणजे वहीत जमेच्या बाजूला भर पडते. टेडिंग्टनची योजना जमेत भर घालत नाही, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम फिरवते. दोन्हींची तुलना केवळ पौंडांत केली तर हा फरक दिसतच नाही.

ओल्या वर्षाचा हिशेब

आता वहीची दुसरी बाजू. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ आले आणि त्याचा फुगवटा उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन किनाऱ्यावर आदळला. इंग्लंडमध्ये ३०७ माणसे दगावली, त्यांतली साठेक माणसे एकट्या कॅनव्ही बेटावर. नेदरलँड्समध्ये तर अठराशेहून अधिक. त्यातूनच पुढे थेम्स बॅरियर उभे राहिले. १९८२ मध्ये ते कामाला सज्ज झाले आणि मे १९८४ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ५२० मीटर रुंदीच्या पात्रात दहा दरवाजे. मधले चार मुख्य दरवाजे प्रत्येकी ६१ मीटर रुंद, एरवी नदीच्या तळाशी आडवे पडून राहणारे आणि गरज पडली की फिरून वर येणारे. इंजिनियर म्हणून या कामाला आमचा मनापासून सलाम.

आजवर ते २०० हून अधिक वेळा बंद केले गेले आहे. पण समुद्रामुळे किती वेळा आणि नदीमुळे किती वेळा, हे फार थोड्यांना माहीत असते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ते ५० वेळा बंद झाले, त्यांतल्या ४१ वेळा कारण नदीचा पूर होते! ओहोटी संपताना दरवाजे लावायचे, भरतीला बाहेरच थांबवायचे आणि आत मोकळ्या राहिलेल्या जागेत वरून आलेला पूर मावू द्यायचा, अशी ती युक्ती. २६ जुलै २००५ ला मुंबईत काय झाले ते आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि दुपारी समुद्राला मोठी भरती. मिठी नदीचे पाणी जाणार कुठे? बाहेरून समुद्राने दार अडवले होते. बॅरियर नेमकी ही कोंडी सोडवते.

पण कुठलेही यंत्र कितीही वेळा वापरता येत नाही. देखभालीला वेळ हवा, जहाजांना वाट हवी. वर्षाला साधारण ५० वेळा ही मर्यादा धरली जाते. समुद्र जसजसा वाढेल तसतशी ही मर्यादा केवळ भरतीसाठीच पुरी पडेनाशी होईल. म्हणून २०३५ च्या सुमारास नदीच्या पुरासाठी बॅरियर वापरणे थांबवायचे असे एन्व्हायरन्मेंट एजन्सीचे नियोजन आहे. याचा फटका पूर्वेला नव्हे, तर पश्चिमेला बसणार: टेडिंग्टन, ट्विकनहॅम, रिचमंड. १८३१ च्या पुलाची आठवण झाली ना? निर्णय खाली, परिणाम वर.

या सगळ्याची आखणी थेम्स एस्चुअरी २१०० या योजनेत आहे. ती २०१२ मध्ये मंजूर झाली आणि २०२३ मध्ये सुधारली गेली. सुमारे १४ लाख लोक आणि ३३० किलोमीटर भिंती व बांध तिच्या कक्षेत येतात. बॅरियरच्या वरच्या बाजूच्या भिंती उंच करायची मुदत आधी २०६५ होती, ती २०२३ मध्ये पंधरा वर्षांनी अलीकडे आणून २०५० केली गेली. बॅरियरची मुदत २०७० पर्यंत धरली आहे आणि त्याच्या जागी काय करायचे याचा निर्णय २०४० पर्यंत घ्यायचा आहे.

दार कायमचे लावून टाकले तर?

एक पर्याय नेहमी सुचवला जातो. वारंवार उघडझाप करण्यापेक्षा कायमचा बांध घाला आणि आत गोड्या पाण्याचे तळे करा. ऐकायला सोपे वाटते. वेल्समध्ये कार्डिफच्या खाडीवर हे करून झाले आहे. १९९९ मध्ये बांध पूर्ण झाला, चिखलाच्या सपाटीवर सुमारे २०० हेक्टरचे तळे झाले, काठची जमीन महाग झाली. पण चिखलावर पोट भरणाऱ्या पक्ष्यांची जागा गेली, भरपाई म्हणून न्यूपोर्टजवळ नवी पाणथळ जागा तयार करावी लागली आणि तळ्यातल्या पाण्यात प्राणवायू टिकावा म्हणून यंत्राने हवा सोडावी लागते. भरती-ओहोटी जे काम फुकट करत होती त्याचे आता वीजबिल येते.

नेदरलँड्सने मधला मार्ग काढला. ईस्टर्न शेल्ट या खाडीवर १९८६ मध्ये त्यांनी उघडे राहणारे दरवाजे बसवले, म्हणजे भरती चालू राहिली. तरीही ओघ मंदावला, सपाट्यांवर वाळू परत चढेनाशी झाली आणि त्या झिजू लागल्या. डच लोकांनी याला ‘वाळूची भूक’ असे नाव दिले आहे. आपल्याकडचे फराक्का आठवा. कोलकाता बंदरातला गाळ धुऊन जावा म्हणून १९७५ पासून गंगेचे पाणी हुगळीकडे वळवले गेले आणि कोरड्या महिन्यांत बांगलादेशच्या नैऋत्य भागात खारेपणा वाढल्याची तक्रार सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. तिथे तर वहीच्या दोन पानांमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आहे!

बांध कुणाचा?

पेण आपल्या सगळ्यांना गणपतीच्या मूर्तींमुळे ठाऊक आहे. त्याच पेण-अलिबागच्या खारेपाटात लोक पिढ्यान्‌पिढ्या खाडीला बांध घालून भातशेती करत आले आहेत. बांधाला उघाडी असते. ओहोटीला शेतातले पाणी तिच्या झडपेतून बाहेर पडते, भरती आली की तिच्याच दाबाने झडप मिटते. थेम्स बॅरियर म्हणजे एक अवाढव्य उघाडीच म्हणा ना! पूर्वी गावकरी स्वतः एकत्र येऊन बांधाची डागडुजी करत. १९४८ च्या कायद्याने खार जमीन विकास मंडळ आले, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि बरीचशी जबाबदारी सरकारकडे गेली. सोय झाली, पण उंदीर-खेकड्यांनी पाडलेले भोक वेळीच बुजवणारा माणूस बांधावर उरला नाही. उधाणात बांध फुटला की त्याला तिकडे ‘खांड जाणे’ म्हणतात. खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे भात धड येत नाही. फार दिवस तशीच राहिली तर कांदळवन उगवते, ते तोडायला कायद्याने बंदी आहे, आणि सातबाऱ्यावर शेत असूनही शेतकऱ्याच्या हाती काही राहत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पण भरती रोज शेतात येत असेल तर त्या तरी काय करणार?

१९५३ नंतर एसेक्सच्या शेतांचीही हीच गत झाली होती. समुद्राच्या पाण्यातला सोडियम चिकणमातीत बसला की माती ओली असताना लोण्यासारखी होते आणि वाळली की दगडासारखी. तेव्हा शेतांत जिप्सम टाकले गेले. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, मग पाऊस सोडियम धुऊन नेतो. त्याच एसेक्समध्ये अलीकडे उलटा प्रयोग झाला. एलिझाबेथ लाइनचे बोगदे खणताना निघालेली ३० लाख टनांहून अधिक माती जहाजांनी वॉलसी बेटावर नेली, जमिनीची उंची वाढवली आणि २०१५ मध्ये जुना बांध मुद्दाम फोडून भरती आत घेतली. तिथे आता खारट दलदल आणि पक्षी आहेत. म्हणजे एसेक्समध्येही खांड गेली, पण ठरवून, जमीन विकत घेऊन आणि गाळाचा हिशेब आधी करून. खारेपाटातल्या शेतकऱ्याची खांड न ठरवता जाते आणि तिचा भार तो एकटाच सोसतो. समुद्राला जागा द्यायची की नाही यावर वाद होऊ शकतो, किंमत कोणी मोजायची हे मात्र आधी ठरले पाहिजे.

हाच प्रश्न आता लंडनला लागू करा. नदीकाठच्या भिंती सगळ्या सरकारच्या असतील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी भिंतीची देखभाल काठच्या मालमत्तेच्या मालकाची जबाबदारी असते. फ्लॅटच्या बाबतीत मालक म्हणजे फ्रीहोल्डर, आणि त्याचा खर्च लीजमध्ये तशी तरतूद असेल तर सर्व्हिस चार्जमधून आपल्याकडे येऊ शकतो. दुसरी गोष्ट विम्याची. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ मध्ये फ्लड री ही योजना सुरू झाली. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरे तिच्यात बसत नाहीत आणि योजना २०३९ मध्ये संपणार आहे. म्हणजे नदीकाठचा नवाकोरा फ्लॅट तिच्या बाहेरच आहे.

मग आपण काय करायचे?

घाबरून जायचे कारण नाही. लंडनचे पूरसंरक्षण जगातल्या उत्तम व्यवस्थांपैकी एक आहे. पण नदीकाठी घर घेताना सॉलिसिटरला तीन प्रश्न लेखी विचारा: समोरची भिंत कुणाची? ती २०५० पर्यंत उंच करायचा खर्च कुणाच्या माथी? आणि लीजमध्ये त्याबद्दल काय लिहिले आहे? सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पुराचा धोकाही मोफत पाहता येतो. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे, टेडिंग्टन असो वा बॅरियरची जागा, अशा प्रकल्पांवर मंजुरीपूर्वी लोकांची मते मागवली जातात. आपली मंडळी शिकलेली आहेत, आकडे वाचू शकतात, तरीही आपली उत्तरे फारशी जात नाहीत. ‘आपण बाहेरचे, आपल्याला काय कळते’ हा संकोच आता सोडायला हवा. कौन्सिल टॅक्स आणि पाण्याचे बिल भरताना आपण बाहेरचे नसतो! तिथे एकच आग्रह धरावा असे आम्हाला वाटते. प्रत्येक योजनेसोबत टेडिंग्टनपासून समुद्रापर्यंतचा एकत्र ताळेबंद छापा. अतिकोरड्या दिवसाचा एक, अतिओल्या दिवसाचा एक. गोडे पाणी किती, मीठ कुठवर, गाळ कुठे, आणि त्याचे पैसे कोण देणार. हे मांडले की अर्धे वाद आपोआप मिटतील आणि उरलेले अर्धे निदान खऱ्या मुद्द्यावर होतील.

खारेपाटातल्या जुन्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नसे. बांध, उघाडी आणि शेत या एकाच गोष्टी आहेत हे त्याला ठाऊक होते, कारण तिन्हींची राखण तोच करत असे. लंडनएवढ्या शहरात प्रत्येकाने बांधावर जाणे शक्य नाही. तेव्हा बांधावर कोण आहे हे विचारत राहणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आपले विचार, विशेषतः रिचमंड, हाउन्सलो आणि पूर्व लंडनमधल्या वाचकांचे अनुभव, जरूर कळवा.